अमावस्येची गाडी

सत्यशीला खंडारे गाडी मागे घेते तेव्हा बघावं. वाघोलीतल्या तिच्या गल्लीला गल्ली म्हणायचं ते केवळ तिचं मन राखायला. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कुंपण, आणि मधून गाडी निघाली की माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढीच वाट. सत्यशीला घाई करत नाही, कुणाला ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायला मागे उभं करत नाही. एकदा डाव्या आरशात पाहते, एकदा उजव्या. संध्याकाळी गाय आपल्या पायाने गोठ्यात शिरावी तशी गाडी आत जाते.

ही आमच्या बाभूळखेडची लेक. वाशीमकडचं हे गाव नकाशात शोधायला गेलात तर डोळे दुखतील. गावाला नदी नाही, एसटी दिवसातून दोनदा, तीही तिच्या मर्जीने. पण या एका बाईमुळे आम्ही पुण्याकडे मान वर करून बघतो.

तिचा बाप गावात पाटलाची बैलगाडी हाकायचा. चाळीस वर्षं हाकली. चाकाला वंगण तो घालायचा, बैलांच्या शिंगांना बेगड तो लावायचा. पोळ्याला जोडी तोरणाखाली उभी राहिली की नाव पाटलाचं पुकारलं जायचं. बापाला त्याचं काही वाटत असेल तर त्याने कधी दाखवलं नाही. लेकीला वाटायचं. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला प्रत्येक बैलाचा स्वभाव ठाऊक होता.

लग्न होऊन पुण्याला आली. नवरा रामदास सणसवाडीच्या कारखान्यात फिटर. ती मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायची. अडतिसाव्या वर्षी तिने गाडी शिकायची ठरवली तेव्हा शिकवणारा हसला होता. तोच माणूस पुढे नव्या शिकणाऱ्यांना सांगायचा, ‘क्लच कसा सोडायचा ते त्या खंडारेबाईंना विचारा.’ गेली अकरा वर्षं ती वाघोलीच्या मुलींना हिंजवडीच्या कंपनीत पोचवते आणि आणते. गाडी मात्र दुसऱ्याची. रोज संध्याकाळी मालकाच्या दारात लावायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि चालत घरी यायचं. त्या खिळ्याकडे बघितलं की तिला पोळ्याचं तोरण आठवायचं.

यंदा श्रावणात कंपनीने सगळ्या चालकांना कळवलं की दिवाळीपासून फाटकाच्या आत फक्त विजेवर चालणाऱ्या गाड्या येतील. कागदपत्रं दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत जमा करायची. ज्याची तशी गाडी नाही त्याचा मार्ग दुसऱ्याला. मालक म्हणाला, “माझी डिझेलची आहे ती बरी आहे. मी नवीन काही घेणार नाही.” म्हणजे अकरा वर्षांचा मार्ग हातचा जाणार होता, किंवा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी येणार होती. मधली वाट नव्हती.

मधली वाट दाखवायला चेतन आला. हिंजवडीत गाड्या थांबतात त्या मोकळ्या जागेत हा गोड बोलणारा तरुण हातात टॅब घेऊन फिरायचा.

“ताई, मालकी वगैरे आता जुनं झालं. लीजवर घ्या. इन्शुरन्स आमचा, टायर आमचे, सर्व्हिस आमची. तुम्ही फक्त स्टिअरिंग धरायचं. हप्ता बघा, कर्जापेक्षा किती कमी!”

“आणि चार वर्षांनी?”

“नवीन गाडी! परत लीजवर.”

“आणि जुनी?”

“ती कंपनीला रिटर्न.”

सत्यशीलाने विचारलं, “महिन्याला किती किलोमीटर चालवू देता?”

चेतनचं बोट टॅबवर अडखळलं. “दोन हजार. त्याच्यावर गेलं तर किलोमीटरमागे थोडंसं एक्स्ट्रा.”

तिने अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि पेरं मोजत गेली. वाघोली ते हिंजवडी पस्तीस. सकाळी जाऊन येऊन सत्तर, संध्याकाळी सत्तर. महिन्याचे पंचवीस दिवस. “साडेतीन हजार झाले, बापा. तुझं थोडंसं माझ्या पंधराशे किलोमीटरला बसणार, दर महिन्याला.”

“मग ताई, रूट थोडा छोटा करा ना.”

“हिंजवडी उचलून वाघोलीजवळ आणून ठेव. लगेच करते.”

आसपासचे चालक हसले. चेतनही हसला, पोरगं मनाने वाईट नव्हतं. ज्याचं रोजचं पळणं थोडं आहे त्याला त्याचा सौदा चांगलाच होता. सत्यशीलाला तो बसत नव्हता एवढंच. शिवाय चार वर्षं वंगण घालून गाडी परत द्यायची, हे तिच्या घरात एकदा होऊन गेलं होतं.

ती नगर रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेली तेव्हा पितृपक्ष सुरू होऊन चार दिवस झाले होते. या पंधरवड्यात पुण्यात गाडी काय, कुणी नवं झाकणही विकत घेत नाही. विक्रीची पोरं रजेवर गेलेली, पाच खुर्च्या रिकाम्या. पलीकडे मॅनेजर दीनानाथ एकटेच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली, तीही अर्धीच.

“चौकशी आहे की गाडी घ्यायचीय?”

“घ्यायचीय.”

“मग दसऱ्याला या. पितृपक्ष चौकशीला चालतो.”

“मला याच पंधरवड्यात हवी.”

दीनानाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “घरी विचारलंय का?”

“घर माझंच आहे.”

“तसं नाही हो. म्हणजे... पितर?”

“आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, मुहूर्त नाही. माझ्या सासऱ्यांनी छप्पन्न साली नागपुरात उभं राहून तशी प्रतिज्ञा घेतली. ती आम्ही पाळतो.”

“वा!” दीनानाथ उठून उभे राहिले. “म्हणजे या पंधरवड्यात गाडी घेणारं पुण्यातलं एकमेव घर माझ्या दारात आलंय. बसा. चहा घ्या. खरं म्हणजे दोन घ्या, प्यायला दुसरं कुणी नाही.”

मागच्या आवारात विजेवर चालणारी एक पांढरी गाडी उभी होती. गेल्या वर्षीचं मॉडेल. कोरी होती, पण कुणी नेली नव्हती. “दोष एकच,” दीनानाथ म्हणाले, “वय. आणि तो आपल्या सगळ्यांतच आहे.” महिनाअखेरीपर्यंत ती आवारातून जावी असा वरून तगादा होता, म्हणून किंमत चांगलीच उतरवली होती. सत्यशीलाने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांशी वाकली, दार उघडून कानाजवळ मिटलं. मग किमतीबद्दल काहीच बोलली नाही. गाडीची माहितीपुस्तिका मागितली आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीच्या पुलाखाली गाड्या नेहमीसारख्या थिजल्या. पुढच्या सीटवर नम्रता होती. कंपनीत काम करणारी ही मुलगी चार वर्षं तिच्याच गाडीतून जाते. सत्यशीलाने पुस्तिका तिच्या मांडीवर ठेवली. “बारीक अक्षरातलं वाच. मोठ्या अक्षरातलं मी वाचलंय.”

हिंजवडीच्या कोंडीत माणूस पोथी वाचून संपवील. पुस्तिका तर तीसच पानांची. अकराव्या पानावर नम्रता थांबली. “ताई, बॅटरीची आठ वर्षं गॅरंटी लिहिलीय ना, ती घरगुती वापरासाठी आहे. टॅक्सीला तीनच वर्षं.”

“अस्सं.”

“मग काय करणार? कॅन्सल?”

“कॅन्सल कायले? आता तर सौदा सुरू झाला.”

तीन वर्षांनी बॅटरी गेली तर ती गाडी म्हणजे बिनबैलांची गाडी, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. ती पुन्हा शोरूममध्ये गेली आणि दीनानाथांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. टॅक्सीसाठीसुद्धा बॅटरीची आठ वर्षांची हमी, लेखी. आणि घरच्या शेडमध्ये चार्जर, शोरूमच्या खर्चाने बसवलेला. बाहेरच्या चार्जिंगला युनिटमागे दुप्पट पडतात. किंमत तुमची तीच राहू द्या, म्हणाली.

दीनानाथांनी वर्तमानपत्राची घडी केली. “बाई, हे दसऱ्याच्या गर्दीत मागितलं असतंत तर मी तुमच्या हातावर पेढा ठेवला असता आणि दार दाखवलं असतं.”

“म्हणून तर आत्ता आले.”

त्यांनी वर फोन केले. एक, मग दुसरा, मग एक बराच लांबलेला. शेवटी पत्र टाइप होऊन आलं. दोन्ही गोष्टी मंजूर होत्या, पण गाडी सर्वपित्री अमावस्येपर्यंत नेली तर. बँकेचं कर्जही त्याच आठवड्यात मंजूर झालं.

अमावस्येला दोन दिवस उरले आणि दीनानाथांचा फोन आला. “बाई, तुमच्या यजमानांनी डिलिव्हरी दसऱ्याला हलवायला सांगितलीय. हलवतो. पण मग त्या पत्राचा फक्त कागद उरतो, हे त्यांना ठाऊक नसावं.”

ती घरी आली तेव्हा रामदास शेडमध्ये होता. निवृत्त झाल्यापासून त्याला हातांचं काय करायचं कळत नसे. या पंधरवड्यात कळलं होतं. भिंत सारखी केली होती, चार्जरसाठी फळी ठोकली होती, जमिनीवर फरशा बसवल्या होत्या. तिने भांडणासाठी उचललेला पाय त्या फरशांवर जरा हळू ठेवला.

“काऊन जी, तुम्ही शोरूमले फोन केला?”

रामदासने हातोडी खाली ठेवली. “केला. त्यात काय? दसऱ्याले आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबासाहेबानं त्या दिवशी धम्म देला. गाडी त्याच दिवशी याव, इतकंच म्हणलं म्या.”

“पत्र वाचलं नाही तुम्ही?”

“कोणतं पत्र?”

तिने दाखवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग फळीवर हात ठेवून उभा राहिला.

“तीस वर्षं कारखान्यात दसरा पाहिला,” तो म्हणाला. “मशीनले हार, मालकाच्या गाडीले हार. आमी टाळ्या वाजवाच्या. मले वाटलं, एकदा आपली गाडी आपल्या दिवशी विहारात न्याव. निळा झेंडा लावून. लोकाइनं पाहाव.”

सत्यशीला त्याच्या शेजारी फळीला टेकली. आवाज चढवला नाही.

“बाबासाहेबानं आपल्याले मुहूर्तातून बाहेर काढलं,” ती म्हणाली, “आन् तुम्ही त्याइच्याच दिवसाचा मुहूर्त करून राहिले.”

रामदासने फळीवरचा भुसा हाताने झटकला. बाहेर गिरणी सुरू झाली, बंद झाली. त्याचा बाप नागपूरला गेला होता तेव्हा घरात दोन वेळचं पीठ नव्हतं. परत आला तो दारावरचा लिंबू-मिरचीचा दोरा स्वतःच्या हाताने तोडून आत शिरला, ही गोष्ट रामदासने पोरांना शंभरदा सांगितली असेल. सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. आज तिची कड त्यालाच लागली.

“लाव फोन,” तो म्हणाला. “मीच बोलतो त्या मॅनेजरशी.”

फोनवर दीनानाथ म्हणाले, “एकदा काय ते ठरवा. माझंही वय होतंय.” मग लगेच, जरा हळू आवाजात, “परवा दहाला या. कागद तयार ठेवतो.”

सर्वपित्री अमावस्येला नगर रस्ता सकाळीच मोकळा होता. घराघरांतून खिरीचा, वड्यांचा वास येत होता, कावळे छपरांवर जमले होते. शोरूममध्ये हार नव्हता, फीत नव्हती. फुलवाल्याने त्या दिवशी या कामाला येणार नाही म्हणून सांगितलं होतं. दीनानाथांनी स्वतः फडक्याने काच पुसली. विजेच्या टॅक्सीच्या हिरव्या नंबरपाटीवर पिवळे आकडे चमकत होते. पत्राची शाईची सही असलेली प्रत सत्यशीलाने आधी पिशवीत ठेवली, मगच किल्ली घेतली.

“तीस वर्षांत अमावस्येला गाडी दिली नव्हती,” दीनानाथ म्हणाले. “काही झालं तर मला सांगू नका. काही नाही झालं तर मात्र सांगा.”

रामदास शेजारी बसला आणि गाडी निघाली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. नुसती चाकं रस्त्यावरून गेल्याची सळसळ. बैलगाडी मातीच्या वाटेने जाते तेव्हा असाच आवाज येतो, फक्त घुंगरं नव्हती. सत्यशीलाने बापाचं नाव काढलं नाही. रामदासने मात्र तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागला. घरी पोचल्यावर तिने गाडी एका झटक्यात गल्लीत घेतली. किल्ली कुठे अडकवायची हे क्षणभर तिला सुचलं नाही. मग ती तिने कमरेला खोचली.

चार्जर तिसऱ्या दिवशी बसला. कागद दसऱ्याच्या आधीच कंपनीत जमा झाले आणि मार्ग तिच्या नावावर राहिला. तशी चिठ्ठी नम्रतानेच आणून दिली, पेढ्यासकट.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाडी विहारात गेली. एकदा नव्हे, सकाळपासून सहा वेळा गेली. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या, पाच-पाच जणी करून सत्यशीलाने दारातून उचलल्या आणि विहाराच्या पायरीशी उतरवल्या. निळा झेंडा होता. गाडीवर अकरा दिवसांची धूळही होती, आणि मागच्या दाराला गिरणीच्या कट्ट्याचा एक बारीक ओरखडा. त्याच वेळी नगर रस्त्यावर शोरूमसमोर टोकन घेऊन लोक रांगेत उभे होते.

विहाराच्या फाटकाशी कारखान्यातला एक जुना सोबती रामदासला भेटला. गाडीभोवती फिरून म्हणाला, “वा रामदास, आज घेतली वाटतं?”

रामदासने झेंड्याची दोरी नीट केली. आवाज मुद्दामच जरा मोठा काढला, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा.

“छ्या. अमावस्येला घेतली.”