कोठीच्या दाराशी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला कुत्रा कोठीच्या बंद दाराकडे तोंड करून गुरगुरायला लागला. आमचं घर रिसोडजवळच्या एका खेड्यात, शेताला लागून. कुत्रा पिल्लू असताना सासऱ्यांनी आणला होता. सासरे गेल्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते आणि त्यांची खाट, काठी, कपडे सगळं त्याच कोठीत ठेवलेलं होतं.

दुपारी जेवणं झाली की तो दाराच्या उंबऱ्याला नाक लावून पडायचा. आम्ही कोणी त्या बाजूला गेलो की त्याच्या छातीतून हळू, खोल आवाज निघायचा. मान वळवायचा नाही. नजर दाराच्या फटीवर. बाहेर ऊन असं की पाखरूही ओरडत नसे, आणि घरात फक्त तो आवाज.

"त्याले दिसून राह्यले ते," सासूबाई एकदा म्हणाल्या. कोण, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी दारापुढे कापूर लावला. मी कोठीत एकटी जाणं सोडलं. डाळ काढायची असली तरी नवऱ्याला हाक मारायची.

नवऱ्याला हे सहन होईना. कुत्रा गुरगुरला की तो काठी हाणायचा.

"काहून मारता त्याले?" मी म्हणायची.

"घरच्याच माणसाईवर गुरगुरते? गप करतो त्याले."

पंधरा दिवसांत कुत्रा खरंच गप झाला. मला मात्र ते जास्त भेसूर वाटायचं. मी जवळून गेले की त्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे, ओठ थरथरून वर जायचा, पण आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं नुसती तोंडं हलवतात, तसं. सासूबाई त्याच्याकडे बघायच्याच नाहीत.

एका दुपारी मी कोठीची कडी काढायला वाकले आणि तो माझ्या मनगटाला चावला. आधी काहीच सूचना नाही. चावून लगेच मागे सरला आणि भिंतीला चिकटून कापत उभा राहिला. मी नळाखाली साबणाने हात धुतला, इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला तोंड बांधून जीपमधून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी डावा कान उलटला. आत सगळं सडलं होतं. वास आला तशी मी मान फिरवली.

"किती दिवसाचं आहे हे? गुरगुरत नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"गुरगुरत होता. आमी बंद केलं," नवरा म्हणाला.

"दुखणं तर बंद नाही केलं ना? जवळ नका येऊ, एवढंच सांगून राह्यला होता तो. ते मार खाऊन बंद झालं, मंग दातच राह्यले."

"पण तो दाराकडं पाहून गुरगुरे," मी म्हटलं.

"दाराखालून गार हवा येत असन."

येत होती. कोठीची फरशी भर उन्हाळ्यातही थंड असते. थंडाव्याला तो कान घेऊन पडायचा आणि मागून आमची पावलं आली की गुरगुरायचा. दाराआड कोणी नव्हतं. तो पाठमोरा राहून आम्हालाच सांगत होता.

औषधाने कान महिन्याभरात बरा झाला. आवाज मात्र आला नाही. त्याचं पोतं आम्ही येण्याजाण्याच्या वाटेवरून काढून माठाजवळच्या कोपऱ्यात टाकलं. मारायची काठी नवऱ्याने स्वतःच गोठ्यात नेऊन ठेवली. आम्ही त्याचे डोळे, त्याची ताठलेली शेपटी बघून चालायला शिकलो. एका मुक्या प्राण्याच्या चेहऱ्यावर सारखी नजर ठेवून घरात वावरायचं, याचं दडपण त्या दिवसांत मला जेवतानाही जाणवायचं.

सोयाबीन घरात येत होतं तेव्हाची गोष्ट. नवरा खांद्यावर सोयाबीनने भरलेला कट्टा घेऊन कोपऱ्याजवळून गेला आणि कुत्रा गुरगुरला. बारीक, घोगरा, अडखळता आवाज. नवरा तिथेच थांबला. एवढं ओझं खांद्यावर असून दोन पावलं मागे आला आणि लांबून फिरून गेला.

सासूबाई सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. "बोलला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.