समुद्रापासून लांबचं घर

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. महाराष्ट्र मंडळात त्या सहलीचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. मुलांना वाटतं, आई-बाबांची ती सर्वांत छान सुट्टी होती. तशी ती नव्हती.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यात कॉटेज घेऊन आठवडाभर राहायचं, दोघांनीच. टोरोंटोजवळ मार्कहॅमच्या आमच्या घरी, बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर ती रोज खेडी बघायची. एकात गाड्यांची फार गर्दी, दुसऱ्यात समुद्र कड्याखाली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. शेवटी नॉरफोकमधलं एक ठरलं. गारगोट्यांच्या भिंतींचं घर, झोपायची एकच खोली, दारातून समुद्र. जवळच पब.

"ब्रेड खाईन," ती म्हणाली, "पण पोळ्या लाटणार नाही."

प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा अशा एका पॉटलकमध्ये हे मी कौतुकाने सांगितलं.

"दोघंच जाऊन काय करणार? एकमेकांची तोंडं बघणार?" माझा जुना मित्र म्हणाला. "आम्हीही येतो."

"या की," मी म्हणालो. शेजारी दुसरं एक जोडपं बसलं होतं. त्यांना वगळणं बरं दिसेना, म्हणून त्यांनाही म्हणालो. आपल्याकडे असं म्हणायची पद्धत असते, आणि बहुधा कोणी येत नाही. हे आले.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "अहो, तिथे खोली एकच आहे."

"मोठं घर बघू."

"मोठी घरं आतल्या गावांत आहेत. समुद्र लांब पडेल."

"गाडी असेल ना."

बुकिंग मी बदललं.

नव्या खेड्यात एक चर्च होतं आणि चहूकडे शेतं. घराचं स्वयंपाकघर ऐसपैस होतं. मित्राच्या बायकोने टोरोंटोहून कुकर आणला होता, पण पाठ धरल्यामुळे ती बहुतेक वेळ पडूनच होती. दुसऱ्या जोडप्याला बाहेरचं खाणं सोसत नव्हतं. सकाळी पोहे, मग भाजी-पोळी, संध्याकाळी खिचडी.

"वहिनी, तुमच्या हातच्या पोळ्या खायला इंग्लंडला यावं लागलं," मित्र म्हणायचा. आम्ही हसायचो. तीही हसायची. आम्ही समुद्रावर निघालो की म्हणायची, "या तुम्ही जाऊन. मी कणीक मळून ठेवते." मी जायचो.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना घेऊन मी तिने निवडलेल्या खेड्यात गेलो. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, अलीकडे नुसता चिखल. ते घर तिने लगेच ओळखलं. दारात कोणी म्हातारं जोडपं चहा पीत बसलं होतं. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "चला, जेवायला उशीर होईल."

काही वर्षांनी ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ बसलो असताना मी एकदा विषय काढला. "ती इंग्लंडची ट्रिप..."

"छान झाली," ती म्हणाली. "सगळे पोटभर जेवले."

मी "हो" म्हणालो आणि तिचं ब्लँकेट सारखं केलं. ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. तिला सांगायचं होतं ते एवढंच: तो आठवडा तुझा होता. तुला न विचारता मी तो वाटून टाकला. माझं चुकलं.