दोन पेट्या आणि लवू मेस्त्रीचा कान

कट्टा गावच्या पंचक्रोशीत कुणाची बाजाची पेटी बिघडली, की ती लवू मेस्त्रीच्या पडवीत यायची. भाता फुटलाय की सूर उतरलाय, हे तो पेटी उघडण्याआधी नुसत्या कानाने सांगायचा. त्या कानाच्या जोरावर त्याला दरवर्षी मे महिन्यात बाजारातल्या सार्वजनिक सत्यनारायणापुढच्या डबलबारीत पंचाची खुर्ची मिळे. दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांची उणीदुणी सुरात काढणार, आणि त्यांतला सरस कोण ते लवू ठरवणार. त्या खुर्चीत तो चार बोटे उंच दिसायचा. बाकीचे वर्षभर तो साधा सुतार होता.

तर अशा या लवूच्या उजव्या कानाला अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात सर्दीने दडा बसला, तो सुटलाच नाही. लवूने कुणाकडे ब्र काढला नाही. एका कानाच्या माणसाला पंच कोण करणार? उजवीकडून कुणी हाक मारली तर तो खुशाल पुढे निघून जाई. लोक म्हणत, मेस्त्री हल्ली शिष्ट झालो. लवूला ते चालत असे. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरा, असा त्याचा हिशेब होता.

बायको सुशीला मात्र जेवताना नेमकी त्याच्या उजव्या हाताला बसायची. दिवसभराचे सगळे सांगायची, आणि हा सोलकढी भुरकत भिंतीकडे बघत राही. दोन-तीन महिन्यांनी तिने सांगणेच सोडून दिले. मग समोर येऊन 'भात?' एवढेच विचारी. लवूला वाईट वाटे, खूप वाटे. पण खुर्ची गेली असती तर त्याहून जास्त वाटले असते.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात भाई सामंत रजेवर आला. भाई बोटीवर रेडिओ ऑफिसर. त्याने जपानहून सीडी प्लेअर, हेडफोन आणि एक जड काळी पेटी आणली होती. तिला तो कन्व्हर्टर म्हणे. चकतीवर गाणे नसते, नुसते आकडे असतात, आणि त्या आकड्यांचे पुन्हा गाणे करायचे काम या कन्व्हर्टरचे. तसला एक प्लेअरच्या पोटातही असतो. पण भाईच्या मते पोटातला कन्व्हर्टर म्हणजे खानावळीतली आमटी. रसिकाने वेगळी पेटीच ठेवावी. त्या पेटीच्या किमतीत स्कूटर आली असती, हेही तो कुणी न विचारता सांगे.

चार दिवसांनी त्याचा साडू बाळा मस्कतहून आला, तो तसलीच चंदेरी पेटी घेऊन. झाले! एका म्यानात दोन तलवारी.

"माझ्या पेटीत दोन सुरांमधली हवा ऐकू येते," भाई म्हणाला. यंत्राविषयी बोलताना तो शुद्ध मराठीत जाई.

"माझ्या पेटीत त्या हवेतला दमटपणापण येता," बाळा म्हणाला.

हेडफोन एकच. त्यामुळे भाईच्या पडवीत एकाच्या डोक्यावर मैफल चाललेली आणि बाकीचे दहाजण त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले. ऐकायलाही मानापानाप्रमाणे रांग होती. पहिला मान सत्यनारायण मंडळाचे अध्यक्ष दाजी यांचा. दाजींनी डोळे मिटले, मान डोलावली आणि "खोली आसा" म्हणून हेडफोन खाली ठेवला. मागून आलेल्या प्रत्येकाला खोली सापडली. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना एकजण बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती सवय देवळाबाहेरही सुटत नाही.

पण दोन्ही पेट्यांत खोली निघाल्यामुळे साडवांचे भांडण मिटेना. शेवटी रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर लवूला बोलावणे गेले. सुशीलाही बरोबर आली आणि माजघराच्या दारात भाईच्या बायकोजवळ, सुनीतीजवळ, उभी राहिली.

आज पितळ उघडे पडले, तर पुढच्या शनिवारच्या डबलबारीतली लवूची खुर्ची गेलीच.

भाईने काळी पेटी जोडली. लवूने हेडफोन चढवला आणि डाव्या कानात लखलखीत सतार सुरू झाली. चकतीच्या कव्हरवर तर सतारवाला आणि तबलजी दोघेही हसत बसले होते. लवूने वाट पाहिली. तबला येईना.

"सतार बरी आसा," तो म्हणाला. "पण भाई, तबलो खंय आसा?"

"तबला?" भाई दचकला.

"ह्या पेटीत तबलो नाय."

बाळाला उकळ्या फुटल्या. त्याने घाईघाईने आपली चंदेरी पेटी जोडली. लवूने काढून ठेवलेला हेडफोन पुन्हा उचलून डोक्यावर घातला. या खेपेला तबला असा कडाडला की लवूच्या अंगावर काटा आला. पण सतारीचा पत्ता नाही.

"हेच्यात तबलो आसा," लवू म्हणाला, "पण सतार गेली."

बाळाचेही तोंड उतरले. लवूला मात्र आनंदाचे भरते आले. कुणालाच न कळलेला फरक त्याला कळला होता. एका कानाने का होईना, तो अजून लवू मेस्त्री होता.

दाजींनी उठून हेडफोन लावला. दोन्ही पेट्या ऐकल्या. "व्हय," ते गंभीरपणे म्हणाले. "माका पयल्यापासून संशय होतो."

मग काय, सगळ्यांनाच तो संशय होता असे निघाले. एकाला तबला अजिबात ऐकू येईना, दुसऱ्याला सतारीच्या जागी नुसता खड्डा लागला. शेवटी खुद्द भाईने हेडफोन लावला. आल्यापासून सुरांमधली हवा ऐकणारा माणूस आता तबला ऐकू येतो असे कोणत्या तोंडाने म्हणणार? "दबलेला आहे," तो घाम पुसत म्हणाला.

"दोनय पेटये एकदम लावा," दाजींनी तोड काढली. "म्हंजे काय्येक सुटूचा नाय."

"गो सुशीला, तूपण आयक मगे," सुनीती म्हणाली.

सुशीलाने हेडफोन लावला. थोडे ऐकून काढला, उलटा करून पुन्हा लावला. दुसऱ्या पेटीवर पुन्हा तेच केले. मग तिने लवूकडे पाहिले. वर्षभरात तिने असे पाहिले नव्हते.

"ह्यांनी सांगलां तां बरोबर आसा," ती म्हणाली.

परतताना लवू हवेत होता. काजूच्या बागेजवळ आल्यावर त्याच्या लक्षात आले, की उजवीकडून चालणारी सुशीला मागून वळसा घालून डावीकडे आली आहे.

"हेडफोनाची वायर पयल्या खेपेक तुमच्या डाव्या खांद्यार होती, दुसऱ्या खेपेक उजव्या," ती म्हणाली. "तुम्ही तो उलटो घातलात. माका दोनय पेटयेत सगळां आयकाक इलां. सतार एका कानात, तबलो दुसऱ्या. तुमचो उजवो कान कधीपासून गेलो?"

लवूचे पाय जागीच थांबले.

"पावसापासून," तो म्हणाला. मग हळूच विचारले, "थंय खोटां कित्याक बोललंस?"

"मी खंय खोटां बोललंय? तुमच्या कानाक एका पेटीत तबलो नाय, दुसऱ्या पेटीत सतार नाय, आणि तुमच्या घरात वरीसभर माझो आवाज नाय. माका वाटला, खुर्चयेन तुमका माज इलो." तिने डोळे पुसले. "माका तरी सांगूचां होतां."

लवूला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या खुर्चीसाठी हे सगळे केले, तिची त्याला त्या क्षणी किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो मंडळाच्या बैठकीत उभा राहिला. "दाजी, माका उजव्या कानान आयकाक येणा नाय. काल हेडफोनपण मी उलटो घातलंय. डबलबारीक दुसरो पंच बघा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तबला नाही म्हणून दहाजणांनी शपथेवर सांगितले होते. आता माघार कोण घेणार?

"म्हंजे हेका एका कानान कळला," दाजी सावकाश म्हणाले, "जां आमका दोन कानांनी कळाक नाय!"

भाई ताडकन उठला. "शास्त्र हेच सांगते. उजवा कान डाव्याच्या कामात ढवळाढवळ करतो."

"व्हय म्हाराजा," कुणीतरी म्हणाले. लवू ओरडून सांगत राहिला. लोकांनी तो विनय समजून त्याला कायमचा पंच करून टाकला.

शनिवारी लवू खुर्चीत बसला, तेव्हा पहिल्या रांगेत दाजी, भाई आणि बाळा उजव्या कानात कापसाचे बोळे घालून डोलत होते. दोन्ही बुवांच्या बाऱ्या संपल्या. दाजींनी निकाल मागितला. लवू उठला, पण व्यासपीठाकडे गेला नाही. बायकांच्या बाजूला सुशीला पदरात तोंड लपवून हसत बसली होती. तो तिच्यासमोर वाकला आणि सगळ्यांदेखत आपला डावा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

तिने एक नाव सांगितले. लवूने तेच जाहीर केले.