दातातली तार

नागोरावांशी संसार करून मला तेहतीस वर्षं झाली. त्यातली निदान तीस 'तोंडातली तार काढा' म्हणण्यात गेली. लोहाऱ्याच्या रस्त्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे; शेतकऱ्यांचे बॅटरीवरचे फवारणी पंप दुरुस्त करतात. एका हातात तापलेली सोल्डर गन, दुसऱ्यात पंपाचं सर्किट, मग सोल्डरची तार धरायची कुठे? दातात. वर त्याच हातांनी चिवडा.

ऐन फवारणीच्या दिवसांत मैत्रेयी, आमची लेक, पहिल्या बाळंतपणाला आली. "बाबा, या तारेत शिसं आहे. लेकराले बाधते," म्हणाली. माझं तीस वर्षं ऐकलं नाही, लेकीचं एका दिवसात ऐकलं. नागपूरहून बिनशिशाची तार आली.

मग नवं रडगाणं. ही तार लवकर वितळेना, गन जास्त तापवावी लागे, धुरानं डोळे चुरचुरत. तारेनं जोडलेले डाग सुटून आठवड्यात चार पंप परत आले.

"डाग सुटला त गडी भर वावरात पंप उघडते, औषधाच्याच हातानं," ते वैतागून म्हणाले. "आन् पंप फेकून देल्ला त तो कचरा कोन्या नाल्यात जाते? आपल्या लेकराले वाचवू का त्या गड्याले?"

खोटं नव्हतं ते. म्हणूनच माझा संताप झाला, कारण ह्या दोन्हींच्या मधली साधी गोष्ट ह्यांना दिसतच नव्हती.

"पंपाले काय लावाचं ते लावा. तोंडात कायले घालता?"

शेवटी जास्त वॅटची गन घेतली आणि डाग टिकायला लागले. मी हुश्श केलं. पण आता तारेत शिसं नाही ना, म्हणून तार बिनधास्त दातात आणि हात धुणंच बंद! मी त्यांचं जुनं टेबल पलंगाच्या पांढऱ्या चादरीवर उलटं केलं. फटीफटींतून तीस वर्षांचे जुन्या, शिशाच्या सोल्डरचे बारीक कण पडले.

"हे कोनाचं?" मी विचारलं. "ह्याच टेबलावर चिवडा खाता."

त्यांनी कण एका डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. फेकायचे कुठे ते त्यांनाही कळेना, मलाही नाही. डबा अजून माळ्यावर आहे.

पोळ्यानंतर नात झाली. दवाखान्यातून घरी आणली, तर हे दारातच उभे.

"घ्या ना," मी म्हटलं.

"तीनदा धुतले. पन नखात राह्यलं असन त?"

नखं इतकी खोल कापली होती की दोन बोटांतून रक्त येत होतं. हात धुवा म्हणून ज्या माणसावर मी जन्मभर ओरडले, त्यालाच आता लेकरू घ्या म्हणून ओरडत होते. वैताग तोच, फक्त या वेळी मला रडू येत होतं.

"अजून एकडाव धुऊन येतो," म्हणाले, आणि मोरीकडे गेले.