जाहिराती लागेपर्यंत

चाळिशी उलटली तरी बेबी घरात बेबीच राहिली होती. तिघा भावंडांतलं शेंडेफळ. थोरला दादा आणि मधली ताई संसार थाटून लांब गेले, वडील वारले, आणि आईने घसरून पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं ती पलंगालाच खिळली. आईजवळ कोण राहणार, हा प्रश्न कुणी काढलासुद्धा नाही. बेबी होतीच.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आईचा पलंग, पायथ्याशी टीव्ही आणि खिडकीखाली बेबीचं शिलाई मशीन. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, विरलेली कॉलर उलटवून लावायची, असली लोकांची कामं ती घरी बसून करी. आई ऊठसूट हाक मारायची. पाणी दे, कूस बदल, खिडकी लाव, आता उघड. मशीन थांबलं की "काय झालं गं?" आणि चालू असलं की "बंद कर जरा, डोकं उठलं."

संध्याकाळचा एक तास मात्र बेबीचा असायचा. आठ वाजता तीन सुनांची मालिका लागली की आई त्या घरात राहायला जायची. बेबी पिशवी उचलून म्हणायची, "औषधं आणते गं." आई मान हलवायची, तीही पडद्याकडे बघतच.

त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. खिडकीखिडकीतून त्याच मालिकेचं गाणं ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक मेडिकलवाले बसत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, चष्मा कायम कपाळावर, बोलणं मोजकं. त्या तासात गिऱ्हाईक फिरकत नसे. ते थर्मासमधला चहा दोन कपांत ओतत आणि बेबी आत, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांआड स्टुलावर बसे. पँटींच्या खिशांत लोक काय काय विसरतात ते ती सांगायची आणि ते पोट धरून हसायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, "आपण पुढचं काही बघायचं का?"

"आणि आईचं काय?" बेबी म्हणाली. ते बोलणं तिथेच राहिलं, पण चहा चालू राहिला.

मग मालिका लिहिणाऱ्यांनी संप केला. थोरल्या सुनेचा जिन्यावरून पाय घसरला, ती किंचाळली, आणि दुसऱ्या दिवसापासून जुनेच भाग लागायला लागले.

"लिहितात म्हणजे?" शेजारच्या काकूंनी विचारलं. "ती माणसं आपल्या मनाने बोलत नाहीत?"

आईची काळजी वेगळीच. "अगं, पडलेल्या बाईला असं जिन्यातच ठेवून जातात का कुणी? संप करायचा तर तिला उचलून तरी करायचा."

चार दिवस आईने जुने भाग बघितले. मग म्हणाली, "बंद कर तो डबा. हे मला तोंडपाठ आहे." आणि ती बेबीकडे बघत पडून राहिली.

बाहेर वेगळीच तऱ्हा. घरात करमेना म्हणून माणसं आठ वाजता फिरायला निघू लागली. रस्त्यावर नुसती जत्रा. फिरायला निघालोच आहोत तर बाम घेऊ, पोटाचं चूर्ण घेऊ, म्हणून औषधांच्या दुकानात रेटारेटी. मेडिकलवाल्यांना मान वर करायची फुरसत नसे. बेबी रांगेत उभी राहायची, आपली पाळी आली की पित्ताच्या गोळ्या मागायची आणि घरी यायची. गोळ्यांनी खण भरला.

"रोज काय आणतेस गं?" आईने विचारलं. "आजारी मी आहे की तू?"

एका संध्याकाळी बेबीला राहवलं नाही. ती सरळ काउंटरमागे गेली आणि खोक्यांआड स्टुलावर बसली. मेडिकलवाले वळून म्हणाले, "थांब, एवढे दोघं गेले की..." तेवढ्यात त्या दोघांमागून काकूंची मान वर झाली.

"अगंबाई! बेबी तू?"

काकू गुडघेदुखीच्या बाई, पण त्या दिवशी बेबीच्या आधी घरी पोचल्या. बेबी आली तेव्हा त्या "निघते हं" म्हणत चपला घालत होत्या.

"खरं आहे?" आईने विचारलं.

"हो."

आई म्हणाली, "मला भिंतीकडे वळव."

तिला स्वतःची कूस स्वतः बदलता येत नव्हती. बेबीने खांद्याखाली हात घातला, पाय सरळ केला, उशी नीट लावली आणि आपल्यावर रुसलेल्या आईला आपल्याच हातांनी पाठमोरी केली.

आई भिंतीशी बोलावं तसं बोलली. "मग माझं काय?"

"तुला टाकून मी कुठे जातेय?"

"मनात आलं होतं की नाही?"

बेबीला खोटं बोलता आलं असतं. "आलं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर औषधं काकू आणू लागल्या. दादाचा फोन आला. "या वयात काय हे? आईचा तरी विचार कर."

"तू येऊन राहतोस का तिच्याजवळ?"

"अगं, माझी नोकरी..." दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बेबी खाली मान घालून मशीन चालवत राहिली. सुईत दोरा ओवायला थांबली तरी मागून हाक यायची, "आहेस ना गं?"

एका दुपारी दार वाजलं. मेडिकलवाले उभे होते, हातात घडी घातलेली पँट. "आखूड करायची होती."

आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अंगावरची तर मापात दिसते. बसा." आधी गोळ्यांनी तोंड कडू पडतं याची तक्रार झाली. ते म्हणाले, काही खाऊन मग घ्या. मग आईने एकदम विचारलं, "हिला घेऊन जाणार?"

"कुठे नेऊ? दुकानामागे एक खोली, तिच्यातही अर्धे खोकेच. इथे येत जाईन म्हणतो, तुमची हरकत नसेल तर."

आईने विचार केला. "माझ्या डोळ्यांसमोर बसायचं."

"बसेन."

पुढे संप मिटला. रस्ते ओस पडले, दुकानात शुकशुकाट झाला. मेडिकलवाले आठला शटर ओढून घरी येऊ लागले, येताना औषधंही आणू लागले. थोरली सून जिन्यावरून उठून तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"हाड मोडलेलं माणूस असं..." ते बेबीकडे झुकून हळूच म्हणाले.

"श्श!" आई म्हणाली.

जाहिराती लागल्या की बोलता येईल, असं बेबीला वाटलं. जाहिराती लागल्या. आईने मेडिकलवाल्यांकडे मान वळवली आणि धाकटी सून किती आतल्या गाठीची आहे ते सांगायला घेतलं. ते मान डोलवत ऐकत राहिले. रोज असंच. काकू म्हणाल्या, "सगळं कसं छान मार्गी लागलं बाई!"

एके दिवशी मालिका ऐन रंगात असताना बेबीने उठून चपला घातल्या. "जरा बाहेर जाऊन येते."

"कशाला?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ते तर इथेच आहेत."

बेबीने चपला काढल्या आणि मशीनपाशी येऊन बसली.

मेडिकलवाल्यांनी ते पाहिलं होतं. जाताना ती त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा ते म्हणाले, "उद्या मी बसतो आईंजवळ. तू मोकळी जाऊन ये."

"कुठे?"

त्यांनी खरंच विचार केला. चष्मा कपाळावरून काढला, पुसला, परत चढवला. काही सुचलं नाही. "बघू," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.

आतून कूस बदलायला हाक आली. बेबी आत गेली.