रऊफचाचांनी मोडलेली धार

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. त्या आठवड्यात मी कोणाकोणावर ओरडले याची गणतीच नाही. सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं ते बिचाऱ्या कॉम्प्युटरवर.

मी दामिनी, अमरावतीला कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये फिरत्या शाफ्टच्या कडेनं दाबातला वायू निसटतो. शाफ्ट फिरायचा असतो, म्हणून तिथे घट्ट बूच मारता येत नाही. मग त्याच्याभोवती बारीक दातांचं कडं बसवतात. दर दातापाशी वाट अरुंद होते, वायू अडतो, त्याचा जोर कमी होतो. तरी थोडा निसटतोच. नेमका किती, ते गणितानं आधीच सांगायचं, हे माझं तीन वर्षांचं काम. कडं बनवून दिलं अकोल्याच्या रऊफचाचांनी.

चाचा लेथवरचा माणूस. बत्तीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आलेला नाही, आणि हे ते दर भेटीत ऐकवतात. मायक्रोमीटर लावायच्या आधी नख फिरवून माप सांगतात, अन् मेलं ते बरोबर निघतं!

चाचणी घेतली, तर माझ्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा वायू जास्त निसटला. आठ वेळा घेतली, तेच. शुक्रवारी या कामाला पैसे देणाऱ्या कंपनीचे साहेब कॉलेजात येणार होते. गणित चुकलेलं ठरलं असतं तर काम तिथंच बंद. मी चाचांना फोन केला, "शुक्रवारी कंपनीचे साहेब येतायत. कड्यात काही कमीजास्त झालं का?"

"माह्या हातून नग चुकत नसते," म्हणाले आणि फोन ठेवला. मी जाम चिडले. खरं म्हणजे घाबरले होते.

शुक्रवारी मी साहेबांसमोर आकडे मांडतेय, आणि दारात चाचा! अकोल्याहून एसटीनं आले होते.

"साहेब, पोरीचं गणित बरोबर असन. गलती माही हाय. दात लई धारदार निघाले होते. बसवणाऱ्याचा हात कापते म्हून म्या पालिश पेपर मारून धार मोडली. आदतच हाय माही. ड्राइंगमंधी तसं नव्हतं. फोन ठेवला अन् मंग ध्यानात आलं."

"फोनवरच सांगायचं ना, चाचा!"

"नग माहा, तं सांगायले मीच पायजे."

अव माय! मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. धारदार टोकापाशी वायूचा झोत आकसतो; टोक गोल असलं की तो सहज सरकून जातो. मी सगळे दात धारदार धरले होते. लगेच कडं भिंगाखाली ठेवलं, टोकांची गोलाई मोजली, कॉम्प्युटरवरच्या गणितात भरली. चहा होईपर्यंत उत्तर आलं आणि चाचणीशी जुळलं. साहेबांनी काम चालू ठेवायला सांगितलं.

चाचा मात्र कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. "पयला नग वापस आला माहा," म्हणाले.

"वापस कशाला? हे कडं मी ठेवून घेणार आहे. आणि चाचा, बारा दात मोजले मी. बाराही टोकांची गोलाई सारखी आहे. हातानं मारलेला पेपर आहे हा!"

"खरंच का वं?"

"तुमच्या गळ्याशप्पथ."

"मोज बरं पुन्हा. मले पाहू दे."

मी पुन्हा मोजायला बसले. चाचा शेजारी उभे राहून एकेक आकडा मोठ्यानं म्हणत होते. सातव्या दातापाशी त्यांचा आवाज भरून आला, मग उरलेले पाच मीच म्हटले.