वेशीतली कापसाची गाडी

टेकडीवरच्या आमच्या गावाच्या वेशीत, कमानीच्या दगडाला आज कापसाचा पुंजका चिकटलेला दिसला, आणि कापसाला सोन्याचा भाव आला होता ते वर्ष आठवलं.

भरली गाडी निघाली तरी माय वर उभी राहून कापूस तुडवत होती. वेशीत मारुती, म्हणून तिथं सगळेच गाडीतून उतरत. त्या दिवशी बापाला अमरावतीच्या बाजाराची घाई; त्यानं गाडी थांबवलीच नाही.

"आडवी हो!" तो ओरडला. माय उताणी पडली. कमानीचा दगड तिच्या नाकापासून चार बोटांवरून गेला.

बाहेर पडल्यावर बापानं विचारलं, "कापूस तं नाही सांडला ना?"

"नाही सांडला."

मी तेव्हा लहान, गाडीमागं हसत होते. त्यानंतर माय त्या गाडीत कधीच बसली नाही. माहेरीसुद्धा पायीच जायची. का, ते मला आज कळलं.